सात-आठचा डाव संगणकाने सोडवताना: पुण्यातल्या एका गटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या चार जणांच्या एका गटाने सात-आठ हा दोघांचा पत्त्यांचा खेळ खेळणारा संगणकी भिडू तयार करायला घेतला. दोघे प्रोग्रामर, एक संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाई आणि एक पदव्युत्तर विद्यार्थी. एकट्याने सराव करता यावा एवढाच हेतू होता, पैशांचा डाव त्यात नव्हता. हाताशी १६ कोअर आणि १२८ जीबी मेमरीचे एकच यंत्र. ओळख पटू नये म्हणून गटाचे तपशील बदलले आहेत. डावाची आकडेमोड मात्र जशीच्या तशी आहे.

सात-आठचे नियम घरागणिक बदलतात. गटाने पक्का केलेला नियम असा: एकूण ३० पाने. चारही रंगांची एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत २८, शिवाय बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती. आधी दोघांच्या हातात पाच-पाच पाने. न वाटणारा ती पाच पाहून हुकूम बोलतो. मग प्रत्येकापुढे पाच पाने झाकून आणि त्यांवर पाच उघडी मांडायची. मांडलेले उघडे पान खेळले की त्या फेरीनंतर खालचे झाकलेले उलटते आणि खेळायला मोकळे होते. रंगाला रंग द्यायचाच. रंग नसेल तर हुकमाने मारायचे की हलके पान टाकायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पहिली उतारी हुकूम बोलणाऱ्याची. त्याने आठ हात करायचे, वाटणाऱ्याने सात.

एकूण हात पंधराच असल्यामुळे एकाचे जितके चढतात तितकेच दुसऱ्याचे उतरतात. म्हणजे हा दोन खेळाडूंचा शून्य-बेरीज खेळ झाला, आणि गटाच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची गोष्ट होती. नॅश समतोलाकडे, म्हणजे एकट्याने धोरण बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशा धोरणांच्या जोडीकडे, नेणाऱ्या बहुतेक पद्धतींची हमी दोन खेळाडू आणि शून्य बेरीज एवढ्याच चौकटीत मिळते. मेंढीकोट घेतले असते तर दोन-दोनच्या जोड्या आल्या असत्या. एकमेकांची पाने न पाहता एकत्र खेळणाऱ्या भिडूंसाठी हमीचे गणित फार अवघड होते.

अडचण

वाटपे किती होतात ते आधी मोजले. पहिल्याच्या हातातली पाने १,४२,५०६ प्रकारे येऊ शकतात, दुसऱ्याची त्यानंतर ५३,१३० प्रकारे. उघडी पाने १५,५०४ आणि ३,००३ प्रकारे, आणि उरलेली दहा झाकलेली पाने कोणाच्या खाली कोणते या हिशोबाने ३६,२८,८०० प्रकारे. गुणाकार १.२८ गुणिले १० चा २४वा घात.

ही संख्या मोठी आहे, पण खरी अडचण तीत नाही. बुद्धिबळाची झाडे, म्हणजे सगळ्या शक्य चालींचे फाटे, याहून मोठी असतात, तरी तिथे समोर सगळे दिसते. इथे प्रश्न असा की एका खेळाडूला किती निरनिराळी दृश्ये दिसू शकतात, कारण धोरण प्रत्येक दृश्यासाठी ठरवायचे असते. पहिल्या उतारीला हुकूम बोलणाऱ्याला आपल्या हातातली पाच, आपली उघडी पाच आणि समोरच्याची उघडी पाच पाने दिसतात. चार हुकूम धरून ही दृश्ये सुमारे ४६९ लाख कोटी होतात.

तुलनेला एक आकडा घ्यावा. अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूने २०१५ मध्ये दोन खेळाडूंचा, ठरावीक बोलीचा टेक्सास होल्डम पोकर जवळजवळ पूर्ण सोडवला. त्या संपूर्ण खेळात निर्णयाच्या जागा सुमारे ३१९ लाख कोटी होत्या. त्यासाठी ४,८०० कोअर दोन महिन्यांहून जास्त चालले, आणि उत्तर दाबून भरूनही सुमारे ११ टेराबाइट झाले. सात-आठची पहिली उतारीच त्याच्या पुढे जाते.

रंगांची अदलाबदल करून काही कपात होते. बदाम आणि इस्पिक प्रत्येकी आठ पानांचे, चौकट आणि किलवर सात पानांचे, म्हणून या दोन जोड्यांतच अदलाबदल चालते. चारही रंग एकसारखे धरले तर सत्तीमुळे उत्तर चुकते. या कपातीने ४६९चे सुमारे ११७ लाख कोटी होतात. प्रत्येक दृश्याला दहा पर्याय आणि प्रत्येक पर्यायाला ८ बाइट धरले, तर फक्त पहिल्या उतारीच्या तक्त्याला नऊ हजार टेराबाइटच्या वर जागा लागते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गटाने आधीच करून पाहिला होता. न दिसणारी पाने नियमात बसतील अशी यदृच्छेने वाटायची, सगळी पाने उघडी आहेत असे धरून तो डाव अल्फा-बीटाने (निरुपयोगी फाटे छाटत सर्व चाली तपासणाऱ्या शोधाने) शेवटपर्यंत सोडवायचा, अशी अनेक वाटपे करायची आणि सरासरीने सर्वांत चांगले पान टाकायचे. ब्रिज खेळणारे गिब हे सॉफ्टवेअर १९९०च्या दशकात याच मार्गाने पुढे आले. लिहायला सोपी, झटपट चालणारी पद्धत.

सहकारनगरचे एक ज्येष्ठ खेळाडू या भिडूशी खेळले आणि थोड्याच डावांत म्हणाले, "अरे, तुमचं यंत्र हातातली पानं आधी का घालवतंय? समोर पाच पानं झाकलेली पडलीत ना!"

विद्यार्थ्याने विचारले, "काका, तुम्ही काय केलं असतं?"

"आधी मांडलेली पानं मोकळी करायची रे. खालचं काय आहे ते कळायला नको का? हातातलं समोरच्याला दिसत नाही, ते उशिरापर्यंत ठेवायचं."

दोष नेमका तिथेच होता. नमुन्याच्या वाटपात झाकलेली पाने सोडवणाऱ्याला आधीच माहीत असतात, त्यामुळे पान उलटवून मिळणाऱ्या माहितीची किंमत शून्य ठरते. तसेच समोरच्यालाही आपल्या हातातले सगळे माहीत आहे असे गृहीत धरले जाते, म्हणून लपवण्यालाही किंमत उरत नाही. फ्रँक आणि बेसिन यांनी १९९८ मध्ये ब्रिजच्या संदर्भात हा दोष नीट मांडला आहे: प्रत्यक्षात एकसारख्या दिसणाऱ्या दोन परिस्थितींत ही पद्धत पुढे वेगवेगळे खेळता येईल असे धरून चालते. नमुने हजारपट वाढवले तरी हा दोष जात नाही. वाढीव संगणनाने जो दोष जात नाही, तो आधी ओळखायला हवा.

दुसरा पर्याय रेषीय प्रोग्रामिंगचा. कोलर, मेगिडो आणि फॉन श्टेंगेल यांच्या मांडणीत समीकरणांची संख्या झाडाच्या आकाराच्या प्रमाणात राहते, स्फोटक वाढत नाही. लहान डावांवर हे अचूक उत्तर देते. पूर्ण सात-आठसाठी वरचे आकडे पाहता तो विचारच नको.

तिसरा पर्याय काउंटरफॅक्चुअल रिग्रेट मिनिमायझेशन, म्हणजे सीएफआर. ही पद्धत २००७ मध्ये झिंकेविच आणि सहकाऱ्यांनी मांडली. प्रत्येक दृश्यात प्रत्येक पानासाठी 'हे खेळलो असतो तर किती जास्त मिळाले असते' याची बेरीज (रिग्रेट) ठेवायची आणि संगणनाच्या पुढच्या फेरीत त्या बेरजेच्या धन भागाच्या प्रमाणात पाने खेळायची. दोन्ही बाजू अशाच खेळत राहिल्या की सर्व फेऱ्यांची सरासरी समतोलाकडे जाते. अंदाजातली चूक फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे हमीच्या हिशोबाने चूक निम्मी करायला चौपट फेऱ्या. २००९ पासून तिचे नमुना घेणारे प्रकारही आहेत, त्यांत दर फेरीला संपूर्ण झाड फिरावे लागत नाही.

चौथा पर्याय, तक्त्याऐवजी न्यूरल नेटवर्क. डीप सीएफआर २०१९ पासून ज्ञात आहे. बाईंनी याला ठाम विरोध केला आणि त्यांचे कारण पटण्याजोगे होते: उत्तर चुकले तर चूक नेटवर्कची, नमुन्याची की नियमांच्या कोडची, हे एका यंत्रावर काम करणाऱ्या चार माणसांना वेगळे करता येणार नाही.

पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था आहे, १९९१ चा परम ८००० हा महासंगणक इथेच घडला, तेव्हा मोठे यंत्र मिळवावे का, ही चर्चाही झाली. नऊ हजार टेराबाइटचा आकडा पाहिल्यावर ती थांबली. दहापट यंत्राने इथे काहीच हलत नव्हते.

डावाची रचना पुन्हा पाहिली तेव्हा

गट अडकला होता तो खेळाच्या एका साध्या गुणधर्मामुळे सुटला. कोणत्याही क्षणी टेबलावर न दिसणारी पाने म्हणजे दोघांच्या हातातली आणि अजून झाकलेली. यांना लपलेली पाने म्हणू. सुरुवातीला ती २० असतात. हातातले पान खेळले की त्यांतले एक घटते. झाकलेल्यावरचे उघडे पान खेळले की खालचे उलटते, म्हणजे तरीही एक घटते. फक्त आधीच उलटलेले पान खेळले तर घट होत नाही.

आणि सगळी झाकलेली पाने उलटली की काय होते? तीसही पाने वाटलेली असल्यामुळे जी दिसत नाहीत आणि माझ्या हातात नाहीत, ती नक्की समोरच्याच्या हातात आहेत. दोघांनाही सर्व माहीत. तिथून पुढे अल्फा-बीटा आणि आधी सोडवलेल्या स्थितींचा साठा पुरतो, उत्तर अचूक येते. म्हणजे अनिश्चितता डावाच्या सुरुवातीला दाटलेली आहे आणि ती एकेका पानाने, सर्वांसमोर, उलगडत जाते.

पोकरमध्ये डीपस्टॅक आणि लिब्राटस या २०१७ च्या भिडूंनी हाच मार्ग घेतला होता: संपूर्ण धोरण साठवायचे नाही. समोर आलेली सार्वजनिक स्थिती आणि त्या स्थितीत प्रत्येकाच्या हातात काय असण्याची किती शक्यता आहे याची यादी, एवढे घेऊन उरलेला डाव तिथल्या तिथे सोडवायचा. पोकरमध्ये ती यादी १,३२६ नोंदींची असते. सात-आठमध्ये सुरुवातीला १५,५०४ नोंदींची, आणि दोघांच्या जोड्या ४,६५,५८,५१२. हे एका चालीच्या वेळेत बसणारे नव्हते. पण प्रत्येकाच्या हातात चार आणि चार झाकलेली, अशी १२ लपलेली पाने उरली की यादी ४९५ नोंदींची आणि जोड्या ३४,६५०. तीन-तीन आणि चार झाकलेली उरली तर १२० नोंदी, ४,२०० जोड्या. बारापर्यंत यायला कमीत कमी चार फेऱ्या लागतात.

त्यावरून तीन टप्पे ठरले. पहिल्या काही फेऱ्यांसाठी आधी तयार केलेला ढोबळ आराखडा. लपलेली पाने १२ किंवा कमी झाली की पुन्हा सोडवणे. सगळे उलटल्यावर अचूक शोध.

पहिला निर्णय: आधी तीन-चार

मोठ्या डावावर कोड चालवण्याआधी मोजता येईल असा लहान डाव करायचा, हा बाईंचा आग्रह होता. त्याचे नाव त्यांनी तीन-चार ठेवले: चारही रंगांचे एक्का, राजा, राणी आणि वर बदाम गुलाम, इस्पिक गुलाम, मिळून १४ पाने. प्रत्येकी हातात तीन, झाकलेली दोन, उघडी दोन. हुकूम बोलणाऱ्याला चार हात, वाटणाऱ्याला तीन. दोन रंग एका पानाने लांब, हा सात-आठचा स्वभावही त्यात राहतो.

तीन-चारमध्येही वाटपे ६० कोटी ५४ लाख निघतात. म्हणून अचूक तपासणीसाठी हुकूम आणि उघडी चार पाने ठरवून टाकलेले तुकडे घेतले. एका तुकड्यात १,००,८०० वाटपे उरतात, आणि तेवढ्यावर पूर्ण झाड फिरता येते. तिथे एक्सप्लॉइटेबिलिटी, म्हणजे आपले धोरण पूर्ण ठाऊक असलेला प्रतिस्पर्धी दर डावाला आपल्याकडून जास्तीत जास्त किती हात काढू शकेल, हे नेमके मोजता आले.

त्याही आधी कून पोकरवर कोड तपासले. तीन पत्त्यांचा हा खेळ १९५० पासून सोडवलेला आहे: १२ दृश्ये, आणि पहिल्या खेळाडूसाठी खेळाची किंमत उणे एक अठरांश. ही संख्या आली नाही तर पुढे जायचे नाही. ती आली नाहीच. तीन चुका सापडल्या, आणि सीएफआर पहिल्यांदा लिहिणाऱ्यांच्या हातून याच होतात.

एक, रिग्रेटला त्या दृश्यापर्यंत पोहोचण्यातल्या समोरच्याच्या आणि नशिबाच्या संभाव्यतेने गुणायचे असते, सरासरी धोरणाला स्वतःच्या संभाव्यतेने. कोडमध्ये हे उलटसुलट झाले होते. दोन, खेळताना शेवटच्या फेरीचे धोरण वापरले जात होते. समतोलाकडे जाते ती सरासरी, शेवटची फेरी गोल गोल फिरत राहू शकते. तीन, सर्वोत्तम उत्तर काढताना प्रत्येक वाटपासाठी वेगळे पान निवडले जात होते. प्रतिस्पर्ध्यालाही लपलेली पाने दिसत नाहीत, त्याने एका दृश्यात एकच निवड केली पाहिजे. ही तिसरी चूक फसवी असते, कारण तिने आकडा फुगतो आणि धोरण आहे त्याहून वाईट दिसते.

तुकड्यांवर सीएफआर प्लस हा सीएफआरचा सुधारित प्रकार वापरला. त्यात ऋण बेरीज शून्यावर आणतात, दोन्ही बाजूंचे धोरण आळीपाळीने बदलतात आणि नंतरच्या फेऱ्यांना सरासरीत जास्त वजन देतात. पूर्ण झाडावर हा प्रकार झपाट्याने उतरतो. नमुना घेताना मात्र तो तितका चालत नाही, म्हणून मोठ्या डावासाठी वेगळा प्रकार घ्यावा लागला.

दुसरा निर्णय: कोणती पाने एकसारखी धरायची

राजा आणि राणी दोन्ही माझ्याकडे असतील तर हात जिंकण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. म्हणून लागोपाठची पाने एकच धरून झाड छाटले होते. तीन-चारवर एक्सप्लॉइटेबिलिटी एका पातळीखाली उतरेना, फेऱ्या कितीही केल्या तरी. कारण ताकद सारखी असली तरी दिसणे सारखे नसते. हातातून राजा पडला तर समोरचा राणी कुठे आहे याचा अंदाज बांधतो. कधी राजा, कधी राणी टाकून तो अंदाज बिघडवणे हा खेळाचाच भाग आहे, आणि छाटणीने तो काढून टाकला होता.

नियम असा ठरला: हातातली पाने कधीही एकत्र धरायची नाहीत. मांडलेली उघडी पाने सलग असतील तर चालेल, पण दोन्हींखाली झाकलेले पान असेल किंवा दोन्हींखाली नसेल तेव्हाच. एकाखाली आहे आणि दुसऱ्याखाली नाही, तर ते दोन वेगळे पर्याय. सगळी पाने उलटल्यानंतरच्या अचूक शोधात मात्र सर्व सलग पाने बेधडक एक धरता येतात.

आराखडा

मोठ्या डावाच्या सुरुवातीसाठी दृश्ये गटांत बांधणे भाग होते. पोकरमधली सवय म्हणजे हातातल्या पानांची सरासरी ताकद काढून त्याप्रमाणे गट करणे. तसे केले आणि ते मोडले. सरासरी चार हात देणारी दोन दृश्ये घ्या: एकात किलवरचे एकही पान नाही, दुसऱ्यात दोन आहेत. पहिल्यात किलवरच्या उतारीवर हुकूम मारता येतो, दुसऱ्यात रंग द्यावाच लागतो. एका गटात टाकल्यावर काही दृश्यांत धोरण नियमाबाहेरचे पान सुचवू लागले.

नवे गट असे केले: प्रत्येक रंगासाठी हातात किती पाने, त्या रंगाचे उरलेल्यांतले सर्वांत वरचे पान कोणाकडे दिसते, मांडलेल्यांत तो रंग किती, समोरच्याने त्या रंगाला रंग दिला नाही का, आणि अजून किती पाने झाकलेली. पर्यायही पानांच्या नावांनी न ठेवता भूमिकेने ठेवले: रंगातले सर्वांत वरचे, सर्वांत हलके, हुकमाने मारणे, झाकलेल्यावरचे उघडे, आधीच उलटलेले. हातातून की मांडलेल्यांतून, हा भेद प्रत्येक ठिकाणी राखला. एका गटात येणाऱ्या सर्व दृश्यांना तेच पर्याय असले पाहिजेत ही अट कोडमध्येच घातली. अट मोडली की प्रोग्राम थांबतो.

हुकूम बोलण्याच्या टप्प्यावर मात्र काहीही गटवले नाही. १,४२,५०६ प्रकार रंगांच्या अदलाबदलीने ३९,१०९ होतात. प्रत्येकाला चार पर्याय, ८ बाइटने सव्वा एमबी. जिथे अचूकता इतक्या स्वस्तात मिळते तिथे ती सोडू नये. हुकूम हीच डावातली पहिली आणि सर्वांत बोलकी माहिती असते.

आराखडा सीएफआरच्या नमुना घेणाऱ्या प्रकाराने तयार केला: ज्याचे धोरण सुधारायचे त्याची सर्व पाने तपासायची, समोरच्याचे आणि वाटपाचे एकेकच नमुने घ्यायचे, आणि जुन्या फेऱ्यांचे वजन कमी करत जायचे. एकाच वेळी चालणारे सोळा धागे (थ्रेड) एकमेकांना न थांबवता एकाच तक्त्यावर लिहीत होते. त्याने वेग मिळतो आणि काही नोंदी गळल्या तरी चालते, पण तोच निकाल पुन्हा मिळत नाही. म्हणून चुका शोधण्यासाठी एका धाग्यावर, यदृच्छ संख्यांच्या ठरावीक बीजावर चालणारी पद्धत वेगळी ठेवली.

इथे प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण आला. आराखड्याचा भिडू जुन्या, पाने उघडी धरणाऱ्या भिडूला सातत्याने हरवू लागला. दोघा प्रोग्रामरांचे म्हणणे पडले की आता ॲप पुढे न्यावे. बाईंनी तीन-चारसाठी त्याच रीतीने गट बांधून आराखडा करायला लावला आणि तुकड्यांवर मोजले. काही तुकड्यांत त्याची एक्सप्लॉइटेबिलिटी जुन्या भिडूपेक्षा जास्त होती. एका प्रतिस्पर्ध्याला हरवणे आणि कोणालाही लुबाडता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गट बारीक केले म्हणजे धोरण सुधारतेच असेही नाही. वॉ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले आहे की बारीक गटांनी एक्सप्लॉइटेबिलिटी वाढूही शकते. गटाने ॲप थांबवले आणि पुन्हा सोडवण्याचा टप्पा आधी पूर्ण करायचे ठरवले. हा निर्णय योग्य होता, वेळेचा ताण असूनही.

उरलेला डाव पुन्हा सोडवणे

पहिली आवृत्ती सरळ होती. आराखड्यावरून दोघांच्या हातांची शक्यता काढायची, ती खरी धरायची आणि उरलेला डाव सोडवायचा. तीन-चारच्या तुकड्यांवर, लपलेली पाने सहावर आली की हा टप्पा सुरू केला. तिथे जोड्या फक्त ९० असतात. तरीही काही तुकड्यांत निकाल नुसत्या आराखड्यापेक्षा वाईट आला.

कारण समोरचा आराखड्याप्रमाणे खेळेलच असे नाही. त्याने आधी वेगळे खेळून आपल्या हाताबद्दल चुकीचा अंदाज बांधू दिला, तर पुढचे 'अचूक' उत्तर चुकीच्या प्रश्नाचे असते. शिवाय आराखड्यात कधीच न खेळले जाणारे पान त्याने टाकले की सगळ्या शक्यता शून्य होतात, भागाकार बिघडतो आणि भिडू ठप्प होतो. ज्येष्ठ खेळाडू या भिडूशी खेळल्यावर हे लगेच घडले, कारण माणसे यंत्राने न पाहिलेली पाने सर्रास खेळतात.

दुरुस्ती २०१४ च्या सीएफआर-डी पद्धतीतून घेतली. उरलेल्या डावाच्या तोंडाशी समोरच्याला, त्याच्या प्रत्येक संभाव्य हातासाठी, एक निवड द्यायची: आराखड्यात त्या हाताला जेवढे मिळत होते तेवढे घेऊन बाहेर पड, नाहीतर आत ये. अशा रचनेत आपले नवे धोरण कोणत्याच हाताला आधीपेक्षा जास्त देऊ करत नाही. समोरच्याच्या शक्यतांची यादीही लागत नाही, त्याच्या प्रत्येक हाताची किंमत लागते, त्यामुळे शून्याने भागण्याचा प्रश्नही सुटतो. आपल्या स्वतःच्या हातांची यादी मात्र आपण खरोखर जे धोरण खेळलो त्यावरूनच काढायची.

निकाल

तपासलेल्या तुकड्यांवर या रचनेने एक्सप्लॉइटेबिलिटी आराखड्याच्या वर गेली नाही, आणि बहुतेक ठिकाणी ठळक उतरली. पूर्ण सात-आठवर अचूक मोजणी शक्य नाही. तिथे मर्यादित खोलीपर्यंत सर्वोत्तम उत्तर शोधणारा तपासनीस भिडू लावला. तो जेवढे काढतो तेवढा तोटा नक्की आहे. खरा तोटा त्याहून जास्तही असू शकतो, हे ॲपच्या माहितीत लिहिले आहे.

दोन भिडूंच्या तुलनेत प्रत्येक वाटप दोनदा खेळवले, दुसऱ्यांदा जागा बदलून. पानांचे नशीब दोघांना सारखेच मिळाल्याने कमी डावांत फरक स्पष्ट झाला.

खेळण्याची रीतही बदलली. मांडलेली पाने आधी मोकळी करणे, हातातला हुकूम उशिरापर्यंत राखणे, ही काकांनी सांगितलेली रीत कोणी न शिकवता धोरणात आली. काही हातांवर यंत्र कधी एक हुकूम बोलते, कधी दुसरा. सर्वांत लांब रंगच बोलला तर समोरच्याला पाचांतल्या निदान दोन पानांचा रंग फुकट कळतो.

कमकुवत राहिला तो पहिल्या चार-पाच फेऱ्यांचा भाग. तपासनीस भिडूला जे मिळते ते मुख्यतः तिथेच.

वेगळे काय करता आले असते

पहिले, लपलेल्या पानांची गणती सुरुवातीलाच करायला हवी होती. कोणती माहिती खाजगी, कोणती सार्वजनिक, आणि ती कधी उघड होते, एवढे कागदावर मांडले असते तर ताकदीच्या गटांवर गेलेले श्रम वाचले असते.

दुसरे, बाराची मर्यादा यंत्राच्या वेगावरून ठरली होती. लपलेली पाने १४ असताना, म्हणजे चार-चार हातात आणि सहा झाकलेली, यादी १,००१ नोंदींची आणि जोड्या २,१०,२१० होतात. झाकलेल्यांचे नमुने घेऊन, आणि डावाच्या शेवटापर्यंत न जाता दोन फेऱ्यांनंतर आराखड्याची किंमत वापरून, हे एका यंत्रावर बसण्याची शक्यता आहे. कमकुवत भाग नेमका तिथे असल्यामुळे पुढचे काम इथूनच व्हावे.

तिसरे, चढलेल्या हातांचा हिशोब. प्रत्यक्षात जादा केलेले हात पुढच्या डावात ओढले जातात: समोरच्याचे पान ओढायचे आणि त्याला हलके पान द्यायचे. गटाने प्रत्येक जादा हाताला एक गुण एवढेच धरले. पण पहिले ओढलेले पान बहुधा तिसऱ्यापेक्षा जास्त मोलाचे ठरते, तेव्हा ही सरळ रेष खरी नाही. देणे-घेणे हुकूम बोलणाऱ्याच्या बाजूने उणे आठपासून अधिक सातपर्यंत, म्हणजे १६ स्थितींचे असते. शेपलीने १९५३ मध्ये मांडलेल्या स्थितिबदलाच्या खेळांप्रमाणे प्रत्येक स्थितीची किंमत काढून ती डावाच्या शेवटी गुण म्हणून लावता येईल. प्रत्येक स्थितीत पाने ओढल्यानंतरचा डाव वेगळा असल्यामुळे आराखडाही १६ वेळा लागेल. तीनपेक्षा जास्त हातांचे देणे तीनच धरले तर सात आराखड्यांत काम भागते, आणि गट सध्या तेच करून पाहत आहे.